आधी चष्मा, मग पेन्सिल

पत्र : मी ४९ वर्षांची, पाचोऱ्याला राहते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या होत्या, पुढे संसारात सगळं राहून गेलं. मुलगी सासरी आहे, मुलगा पुण्याला नोकरीला. यंदा जळगावला चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, रोज गाडीने जा-ये करते. वर्गातली मुलं अठरा-एकोणीसची. तीन तासांत त्यांचं अर्ध्या इम्पिरियलचं, म्हणजे १५ बाय २२ इंचांचं वस्तुचित्र रंगवून होतं, माझं अर्धंही होत नाही. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच बिनरेघेच्या काचेत असलेला चष्मा आहे, मान धरते. बुटक्या बाकावर बसून गुडघे आखडतात. सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान; “छान आहे काकू” म्हणतात आणि पुढे जातात. एप्रिलमध्ये घरी सराव करायला बसले तर रंग टेकवला की वाळत होता. वेग वाढवायला काही सराव सांगा, की हातच आता जड झाला म्हणायचं? आणखी एक, अजिंठ्याला वही घेऊन जायचंय. आमचं दुकान सोमवारी बंद असतं, तेव्हा यांच्यासोबत जाईन म्हणते. सोबत माझ्या तीन चित्रांचे फोटो पाठवलेत.

ताई,

तिन्ही फोटो नीट पाहिले. रेषेत कंप नाही, तांब्याच्या गळ्यावरची नक्षी स्वच्छ उतरलीय. हात जड झाल्याची शंका आजच काढून टाका. मात्र दोन गोष्टी तिन्ही चित्रांत सारख्या आहेत. तांब्या असायला हवा त्याहून उंच झालाय आणि वर जाताना फुगलाय. शिवाय नक्षी सावलीसकट पुरी झाली तरी शेजारची केळ्यांची फणी नुसत्या बाह्यरेषेत उभी आहे. पहिला दोष डोळ्यांचा आणि बोर्डाचा, दुसरा कामाच्या क्रमाचा. यावर वेगाचा सराव केलात तर याच चुका लवकर होतील, इतकंच.

सुरुवात चष्म्यापासून करा. वाचनाचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरसाठी काढलेला असतो. चित्र काढताना बोर्ड ६० ते ६५ सेंटिमीटरवर असतो आणि समोरची मांडणी, म्हणजे चित्रासाठी मांडलेल्या वस्तू, अडीच-तीन मीटरवर. प्रोग्रेसिव्ह काचेत वाचनाचा भाग सगळ्यात खाली आणि मधल्या अंतराची पट्टी अरुंद. त्यामुळे बोर्डाचा वरचा भाग स्पष्ट दिसावा म्हणून तुम्ही नकळत हनुवटी वर करता, मग मांडणीकडे बघताना ती खाली आणता, आणि हे तीन तासांत शेकडो वेळा होतं. मान त्यानेच धरते. त्याच काचेच्या कडेच्या भागातून सरळ रेषा किंचित वाकलेली दिसते, ते निराळंच.

चित्रासाठी वेगळा चष्मा करून घ्या. तपासणीला जाण्याआधी वर्गात टेपने दोन अंतरं मोजा: डोळ्यापासून बोर्ड आणि डोळ्यापासून मांडणी. ती कागदावर लिहून डॉक्टरांना द्या आणि साधा बाइफोकल मागा, वरचा भाग मांडणीच्या अंतराचा, खालचा बोर्डाच्या. ४० सेंटिमीटरपेक्षा ६५ सेंटिमीटरला साधारण एक नंबर कमी लागतो. वाचनाचा वाढीव नंबर दोन असेल तर बोर्डासाठी एकच्या आसपास. पक्का आकडा अर्थात तपासणीतच ठरेल. दुकानदार ब्लू-कट किंवा उन्हात काळी होणारी काच पुढे करील, तिला नको म्हणा. ब्लू-कटमध्ये बहुधा पिवळसर झाक असते आणि दुसरी खिडकीजवळ बसलात तरी गडद होऊ शकते. दोन्हींनी निळे आणि राखाडी रंग फसवतात. त्याच भेटीत मोतीबिंदूही बघून घ्या, कारण डोळ्यातलं भिंग पिवळं पडू लागलं की निळा रंग मंद दिसतो आणि माणूस तो कागदावर जास्त ओततो.

आता बोर्ड. तो तुम्ही मांडीवर आडवा ठेवता, हे चित्रावरूनच कळतं. आडव्या कागदाचा लांबचा भाग डोळ्याला आखूड दिसतो, तो भरून काढायला हात तिथे आकार ताणतो, आणि बोर्ड उभा करून पाहिला की तांब्या लांबुडका निघतो. रेखाटन करताना बोर्ड जवळजवळ उभा, जमिनीशी ७०-७५ अंशांत हवा. नजर कागदावर सरळ पडली पाहिजे. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, देताना मात्र तो १०-१५ अंशांवर आणा, नाहीतर रंग ओघळेल.

बुटका बाक सोडाच. सरांना सांगून मागच्या ओळीत उभा ईझल, म्हणजे बोर्ड टेकवायची घोडी, मागून घ्या, सोबत २६-२८ इंची उंच स्टूल. वीस मिनिटं उभं, वीस मिनिटं टेकून. पायाखाली जाड रबरी चटई. मागची जागा कमीपणाची समजू नका. मांडणीच्या रुंदीच्या तिप्पट अंतरावरून ती एका नजरेत मावते. पुढच्या ओळीतल्या मुलांना मान फिरवून बघावं लागतं, म्हणून त्यांची एकेक वस्तू बरी आणि एकमेकींशी नातं चुकलेलं असं होतं. शिवाय ईझलपाशी उभं असल्यावर दर दहा मिनिटांनी दोन पावलं मागे जाता येतं. निम्म्या चुका तिथूनच दिसतात.

क्रमाचं दुखणं जुनं आहे. वर्षानुवर्षं कॅलेंडरवरून, फोटोवरून, चौकटी आखून चित्र उतरवलं की एकेक चौकट पुरी करत जायची सवय लागते. तिथे ती चालते, कारण सगळी मापं आधीच कोणीतरी ठरवलेली असतात. समोर खरी मांडणी असली की ती ठरवायचं काम तुमचं. नक्षी आधी पुरी केलीत आणि तासाभराने कळलं की तांब्याच अर्धा इंच डावीकडे गेलाय, तर खोडायला जीव होत नाही. मग बाकीचं चित्र त्या चुकलेल्या तांब्याभोवती जुळवत बसता. तुमचे तीन तास जातात ते इथे.

एकशेऐंशी मिनिटं अशी वाटून बघा. पहिली दहा फक्त दोन बाय तीन इंचांच्या तीन छोट्या चौकटींसाठी. प्रत्येकीत मांडणी वेगळी बसवायची, वस्तूंची नावं विसरून नुसते गडद आणि उजळ ठिपके. एक निवडा. पुढची पंचवीस मिनिटं रेखाटनाची, एचबी किंवा २बी पेन्सिल, खोडरबर पिशवीत. आधी सगळी मांडणी जिथे संपते त्या चार टोकांच्या खुणा, मग मोठ्या आकारांचे मधले अक्ष, मग वस्तूंमधली रिकामी जागा. माप घेताना हात पूर्ण ताठ, कोपर कुलूप लावल्यासारखं, एक डोळा मिटलेला. कोपर एकदा वाकलं की पेन्सिल जवळ येते, माप बदलतं, आणि तांब्याची उंची एका मापाने व केळी दुसऱ्या मापाने निघतात. तांब्याचं तोंड हे दीर्घवर्तुळ, त्याची टोकं अणकुचीदार नसतात, तीही गोलच वळतात. बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असल्यामुळे तिथला गोल तोंडापेक्षा अधिक उघडा हवा. तुमच्या तिन्ही चित्रांत बूड सपाट रेघेने कापलंय.

नंतरची चाळीस मिनिटं उजळ रंगाचा पहिला वॉश सगळ्या कागदावर, पार्श्वभूमीसकट. चमक हवी तेवढीच पांढरी जागा राखायची. हा वॉश वाळेपर्यंत दहा मिनिटं हात मागे आणि डोळे अर्धे मिटून बघायचं: सर्वांत गडद जागा कोणती, दुसरी कोणती. मग साठ मिनिटं मध्यम छटा आणि सावल्या, तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या ब्रशने. वस्तूची स्वतःची सावली आणि जमिनीवर पडलेली सावली एकाच बैठकीत, म्हणजे ती जोडली जातात. उरलेल्या पस्तीस मिनिटांत गडद ठिपके, कडा आणि शेवटी, वेळ उरला तरच, नक्षी. नक्षी झाली नाही तरी चित्र पुरं दिसेल. नक्षी आहे आणि केळी नाहीत, ते कधीच पुरं दिसणार नाही.

पितळ पिवळ्याने रंगवू नका. यलो ऑकर, बर्न्ट सायना, बर्न्ट अंबर आणि शेजारच्या वस्तूचा पडलेला रंग, एवढ्यात पितळ होतं. उजळ पिवळा फक्त चमकेच्या काठाशी. केळीशेजारच्या बाजूला तांब्यात हिरवट झाक येणारच, ती घाला. सावलीत तयार काळा वापरलात की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं, आणि निळा जास्त की तपकिरी यावर ते थंड किंवा उबदार होतं. चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. लेमन यलो, यलो ऑकर, स्कार्लेट, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सायना आणि बर्न्ट अंबर एवढ्या आठ ट्यूब चांगल्या प्रतीच्या पुरतात.

सराव मागितलात, तर हा करा. आठवड्यातून चारदा, पाव इम्पिरियल म्हणजे ११ बाय १५ इंचांच्या कागदावर वीस मिनिटांत पुरं चित्र. एकच ब्रश, १२ नंबरचा गोल. त्याने नक्षी काढताच येत नाही, म्हणून तो. वस्तू स्वयंपाकघरातल्याच: भरिताची दोन हिरवी वांगी आणि पाट्यावरचा वरवंटा पुष्कळ झाले. जांभळ्या वांग्यापेक्षा आपलं फिकं हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं अभ्यासाला अवघड. त्यावरची सावली लगेच चिखलट होते, म्हणून हिरवा ट्यूबमधून न घेता लेमन यलो आणि किंचित प्रशियन ब्लू मिसळून करा आणि सावलीसाठी त्यातच क्रिमसनचा थेंब घाला. मोबाइलचा गजर वाजला की ब्रश खाली. पुरं झालं नसलं तरी पुढे हात लावायचा नाही, हाच सरावाचा खरा भाग. महिनाभर हे केल्यावर वर्गातला तीन तासांचा वेळ तुम्हाला मोठा वाटायला लागेल.

जाता-येताना गाडीत लहान वही आणि बॉलपेन ठेवा. पेन अशासाठी की खोडायची सोय नको. झोपलेले प्रवासी हलत नाहीत, आणि हात-पायांच्या ठेवणीचा अभ्यास तिथे फुकट होतो. प्लायवूडचा बोर्ड गर्दीत नेऊ नका. ५ मिलिमीटरच्या सनबोर्डचे (हलका फोमचा बोर्ड) १६ बाय २३ इंचांचे दोन तुकडे कापडी चिकटपट्टीने एका बाजूला जोडा, मध्ये कागद, तीन बाजूंना मोठ्या क्लिपा. पावसाळ्यात वरून दुकानातली प्लॅस्टिकची गोणी. जड सामान महाविद्यालयातच राहू द्या.

सरांचं “छान आहे” तुम्हाला खुपतंय, ते योग्यच आहे. ते टाळाटाळ करत असतील असं मात्र वाटत नाही. काकूंच्या वयाच्या बाईला तोंडावर “हे चुकलं” म्हणणं आपल्याकडे जड जातं, आणि त्यात तुमचंच नुकसान होतं. “कसं झालंय?” असं विचारू नका, त्याला “छान” हेच उत्तर येतं. “सर, यातली सर्वांत मोठी चूक प्रमाणात आहे की छटेत?” असं विचारा. दोनांतलं एक निवडावंच लागतं. चित्रावर ट्रेसिंग पेपर लावून त्यांच्या हातात लाल पेन्सिल द्या. तुमच्या कामावर थेट रेघ मारायला कचरणारा शिक्षक ट्रेसिंगवर मोकळेपणाने दुरुस्ती करतो. त्या कागदांवर तारीख टाकून जपून ठेवा. सहा-सात जमले की तीच चूक कितीदा आली ते आपोआप दिसेल. आणि वयाने लहान असले तरी त्यांना अहो-जाहो आणि “सर” सुटू देऊ नका.

मुलं काकू म्हणतात तर म्हणू द्या. फक्त त्यांचे डबे, त्यांची भांडणं आणि त्यांच्यासाठी मॉडेल म्हणून बसणं दरवेळी तुमच्याकडे येऊ लागलं तर हसून नाही म्हणा. आलटून पालटून प्रत्येकाची पाळी असावी, त्यात तुमचीही.

उन्हाळ्याचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जळगाव पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क, आणि वॉशची कड ब्रश उचलायच्या आत वाळून कडक रेघ उमटते. कागद दोन्ही बाजूंनी ओल्या स्पंजाने भिजवा, सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवा, वरचं पाणी टिपून घ्या. खालून ओल राहिल्याने वीस मिनिटं तरी निवांत मिळतात. हे ३०० जीएसएमच्या जाड कागदावरच जमतं, पातळ कार्ट्रिज कागदाला फुगे येतात. सकाळी सात ते दहा काम करा, पंखा बंद. कूलरने खोलीत ओल येते ती चांगली, पण त्याचा झोत कागदावर नको. आणि कोरा कागद कूलरच्या खोलीत कधीच ठेवू नका. दमट जागी कागदावरचा खळीचा थर ठिकठिकाणी मरतो, बघताना काही कळत नाही, आणि वॉश दिला की तिथे रंग शोषून डाग उठतात. श्रावणात उलट: वॉश वाळतच नाही, दुसरा थर घाईने दिला की चिखल. तेव्हा हेअर ड्रायर हातभर अंतरावरून, आणि कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत.

पुढच्या वर्षी तैलरंग येतील तेव्हाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या अंगणात तारेवर एकेरी वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. ब्रश मोरीत धुवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. कॅडमियमचे आणि काही पिवळे रंग विषारी असतात, तेव्हा कणीक मळायच्या आधी नखांपर्यंत साबण. रंगाची वाटी पुन्हा जेवणात येणार नाही, अशी खूण तिच्यावर आजच करा.

घरात तीन बाय चार फुटांची एक जागा अशी मिळवा, जी उचलावी लागत नाही. मांडायला आणि आवरायला पंधरा-पंधरा मिनिटं लागली की वीस मिनिटांचं चित्र कोणी काढत नाही. उत्तरेची खिडकी उत्तम. संध्याकाळी ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा एलईडी, आणि तोच उजेड कागदावर आणि रंगांवरही. सबमिशन बहुधा ऐन लग्नसराईत येतं, म्हणून दिवाळीपर्यंत निम्म्या शीट पुऱ्या झालेल्या असाव्यात.

अजिंठ्याला जाण्याआधी तुमच्याच रेल्वेमार्गावर उलट दिशेला चाळीसगावी उतरून छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघा. टेबलावर वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा वळवून त्यांनी जी छायाचित्रं केली, ती वस्तुचित्राच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवतात. प्रत्येकात उजेड कोणत्या बाजूने आलाय, एवढंच टिपत चला.

लेणी जळगावपासून साठेक किलोमीटर. रंग नेऊ नका. आत उजेड मंद, फ्लॅशला बंदी, आणि अंधारात मिसळलेला रंग बाहेर आल्यावर भलताच निघतो. ए-५ वही, २बी पेन्सिल, बस्स. ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. माती-तुसाचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. म्हणून रेषा सावकाश, फिरवून, जाड-बारीक करत काढता आली. ती रेषा शिकायला जायचं. १ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत नुसते हात काढा, वीस-पंचवीस. बोटं कुठे वळतात तिथे रेषा जाड होते की बारीक, ते बघा. अख्खी भिंत उतरवायच्या भरीस पडू नका, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांना विद्यार्थ्यांसह त्यासाठी १८७२ ते १८८५ इतकी वर्षं लागली.

आणि यजमानांना दुकान दुसऱ्या एखाद्या वारी बंद ठेवायला सांगा. सोमवारी लेणीही बंद असतात.